तालुका कोर्टातल्या वकिलाने नव्या निकालांची माहिती कशी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली, तालुक्याला फौजदारी बाजूला काम करता आणि रोज येणारे निकाल वाचायला वेळ पुरत नाही. बारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं तेवढ्यावर भागेल का, की पैसे भरून एखादं ॲप घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. ॲपचं नंतर बघू. ग्रुपवर भागत नाही. मी भागवलं होतं आणि त्याची किंमत माझ्या अशिलाला मोजावी लागली.

६ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल दिला. प्रकरण वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातलं. त्याच संध्याकाळी आमच्या ग्रुपवर तीन ओळी आल्या: अटकेची कारणं लेखी दिली नाहीत तर अटक बेकायदेशीर, सगळ्या गुन्ह्यांना लागू, आरोपी सोडावाच लागणार. खाली पंधरावीस अंगठे. मारामारीच्या गुन्ह्यातला माझा एक अशील दिवाळीच्या आधीपासून एमसीआरमध्ये, म्हणजे न्यायालयीन कोठडीत होता आणि त्याला लेखी काहीच दिलेलं नव्हतं. मी रात्री बसून अर्ज तयार केला, सगळा भर या एकाच मुद्द्यावर.

सुनावणीला त्याची आई सकाळच्या एसटीने आली होती. जामीनदार बरोबर घेऊन आली होती आणि त्याचा सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मी उभी राहिले, सायटेशन, म्हणजे निकालाचा संदर्भ, सांगितलं. साहेबांनी विचारलं, "प्रत आहे का?" मी म्हटलं, देते सर. "शेवटचे परिच्छेद वाचलेत का?" वाचले नव्हते. निकाल मी उघडलाच नव्हता. त्यांनी तो भाग स्वतः वाचून दाखवला. प्रत्येक गुन्ह्यात कारणं लेखीच द्यावीत अशी एकसारखी बंधनकारक अट आजवर नव्हती, म्हणून ही कार्यपद्धती यापुढच्या अटकांना लागू राहील, असं कोर्टाने तिथे स्पष्ट म्हटलंय. माझ्या माणसाची अटक ऑक्टोबरमधली. अर्ज फेटाळला. आईने पिशवीची घडी घातली आणि मला एवढंच विचारलं, "मग आता परत कवा यायचं?"

तो आणखी तेरा दिवसांनी सुटला, गुणदोषांवर केलेल्या दुसऱ्या अर्जावर. मला जास्त लागलं ते पुढचंच. पूर्ण निकाल वाचायला बसले तर त्यात विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या ७ फेब्रुवारी २०२५ च्या निकालाची चर्चा आहे. कारणं आरोपीला समजतील अशी सांगितली पाहिजेत आणि ती सांगितली हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांची, असं त्यात आहे. तो निकाल माझ्या अशिलाच्या अटकेच्या आधीचा. स्टेशन डायरीत कारणं सांगितल्याची नोंद नव्हती. म्हणजे खरं हत्यार माझ्या हाताशी होतं आणि मी चुकीचं घेऊन उभी राहिले.

ग्रुपवर निकाल टाकणारे आमचे एक सहकारी आहेत. माणूस चांगला, रोज पहाटे उठून दहा-पंधरा निकालांच्या हेडनोट, म्हणजे वर छापलेला थोडक्यातला सारांश, टाकतो. त्यांचं माझं यावरून जुनं भांडण आहे. ते म्हणतात, तालुक्याच्या वकिलाला ऐंशी पानं वाचायला वेळ कुठे, हेडनोट बस्स झाली. मी म्हणते, हेडनोट शोधण्यापुरती असते, तिच्या जिवावर युक्तिवाद करायचा नसतो. कायदा कधीपासून लागू, कोणाला लागू, कोणत्या अटीवर, हे सगळं हेडनोटमध्ये गळतं, आणि अशील आत राहणार की बाहेर येणार ते नेमकं तिथेच ठरतं. त्या दिवसानंतर त्यांनी बार रूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "मॅडम, कोर्टाने मान्य केलं नाही त्याला मी काय करू?" मी तेव्हा गप्प बसले.

मग जानेवारी आला. गळीत हंगाम. आमचा तालुका कर्नाटकच्या सीमेला लागून. विजयपूरकडचा एक ऊसतोड मजूर, रात्री फडात झालेल्या मारामारीत एकाचं डोकं फुटलं म्हणून भारतीय न्याय संहितेच्या १०९ खाली, जुन्या ३०७ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपावरून अटकेत. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी अटक, दुसऱ्या दिवशी साडेबाराला रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवायला मॅजिस्ट्रेटसमोर हजर. पोलिसांची पाच दिवसांच्या पीसीआरची, म्हणजे पोलीस कोठडीची मागणी.

आता पोलीस स्टेशनलाही मिहिर शाहचा निकाल पोचलेला होता. त्यांनी छापील कागद लावला होता, वर ठळक अक्षरात 'अटकेची कारणे'. ग्रुपच्या हिशेबाने मुद्दा संपला, लेखी दिलंय. मी तो कागद दोनदा वाचला. मजकूर मराठीत, तीन ओळींचा: आपण कलम १०९ व ३(५) खालील गुन्हा केल्याचे निष्पन्न झाल्याने, तपासकामी आवश्यकता असल्याने आपणास अटक करण्यात येत आहे. खाली निळ्या शाईत सही आणि शेजारी वेळ, ११.४०. सही कानडीत होती.

त्या एका कागदात तीन मुद्दे होते. निकाल म्हणतो, कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत. निकाल म्हणतो, अटकेच्या वेळी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्याच. ११.४० ते १२.३० म्हणजे पन्नास मिनिटं. तिसरा मुद्दा आपल्या मराठीमुळे लपून राहतो. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात, मे २०२४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात. तपासासाठी, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून, अशी कोणालाही लागू पडतील ती अटकेची सर्वसाधारण कारणं. आणि या माणसाने नेमकं काय केलं असा आरोप आहे, ते त्याचे स्वतःचे अटकेचे आधार. द्यायचे असतात ते आधार. आपल्याकडे दोन्हींना 'कारणे' हाच शब्द छापतात आणि आधारांच्या जागी साचेबंद कारणं भरून मोकळे होतात. तुमच्या पोलीस स्टेशनचा नमुना एकदा काढून बघाच.

एपीपी, म्हणजे सरकारी वकील, म्हणाले, चार हंगाम इथे येतोय, मराठी समजतं त्याला. मॅजिस्ट्रेट मॅडमनी कागद त्याच्या हातात द्यायला लावला आणि विचारलं, यात काय लिहिलंय? तो कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सही माडु अंद्रु." सही कर म्हणाले. शिरस्तेदारांना कानडी येत होतं, त्यांनी अर्थ सांगितला. मी निकालातले परिच्छेद वाचले, या वेळी छापील प्रतीतून, शेवटच्यासकट. पीसीआर नाकारली, अटक बेकायदेशीर ठरवून त्याला सोडलं.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी परत अर्ज केला. निकालातच ती वाट ठेवलेली आहे: कारणं पुरवून, आधी का दिली नाहीत ते सांगून पुन्हा कस्टडी मागता येते आणि मॅजिस्ट्रेटने तो अर्ज शक्यतो आठवड्याभरात निकाली काढायचा. आता कानडीत टाइप केलेली दीड पानं होती. दोन दिवस पीसीआर मिळाली. ग्रुपवाले सहकारी म्हणाले, "मग मिळवलं काय मॅडम? गेलाच ना आत."

काय मिळवलं ते सांगते. त्या दीड पानात घटनेची वेळ होती, अटकेच्या आदल्या रात्री साडेदहाच्या सुमारास. ते वाचून तो मला पहिल्यांदा काहीतरी बोलला. त्या वेळी तो ट्रॅक्टरबरोबर कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत होता. मुकादमाकडे काट्याची पावती होती, तिच्यावर दहा चाळीसची वेळ आणि ट्रॅक्टरचा नंबर. फड तिथून चौदा किलोमीटर. नंतर सेशन्सला जामीन झाला तो मुख्यतः त्या पावतीवर. आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे माणसाला त्याच्या भाषेत कळलं नसतं, तर ती पावती हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या रद्दीत गेली असती. अटकेची कारणं कळण्याचा हक्क देणाऱ्या, संविधानाच्या कलम २२(१) चा अर्थ मला कॉलेजात समजला नव्हता, तो त्या पावतीने समजला. सहकाऱ्यांना मी हे सांगितलं. त्यावर त्यांनी त्या निकालाची हेडनोट परत एकदा ग्रुपवर टाकली, 'किमान दोन तास आधी' हे शब्द घालून. 'यापुढच्या अटकांना' हे शब्द अजून नाहीत.

आता तुमचं. सुप्रीम कोर्टाचे निकाल त्यांच्या ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहावर फुकट आहेत, हायकोर्टाचे त्यांच्या संकेतस्थळावर. मराठी भाषांतरंही येतात. अशिलाला समजवायला ती चांगली, पण कोर्टापुढे इंग्रजी मूळच न्या. निकाल हातात आला की आधी शेवटची दोन-तीन पानं वाचा, मग वस्तुस्थिती, मग मधलं. रोज दहा वाचू नका, आठवड्याला तुमच्या बोर्डावर, म्हणजे हातातल्या केसेसमध्ये, चालेल असा एक पूर्ण वाचा. पैसे भरून ॲप घेऊ नका असं म्हणत नाही. मी बारच्या दोन वार्षिक सभांत मागणी केली की ग्रंथालयाला एक प्रिंटर आणि सगळ्यांत मिळून एक सबस्क्रिप्शन घ्या. दोन्ही वेळा पैसे बार रूमच्या एसीकडे गेले. एसीत बसून फोनवर हेडनोट वाचतात. तुमच्या बारमध्ये तुम्ही ही मागणी लावून धरा, दोन वर्षांच्या सनदेलाही सभेत बोलायचा हक्क आहे.

कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, या सहा जिल्ह्यांसाठी: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. तुम्ही या सहापैकी कुठे असाल तर महिन्यातून एक दिवस नुसतं मागच्या बाकावर जाऊन बसा. सीनियर सायटेशन कसं वापरतात, आणि न्यायमूर्ती कोणत्या परिच्छेदावर थांबवतात, ते कुठल्या ॲपवर मिळत नाही.

आणखी एक, कारण तुम्ही चेकच्या केसेसही करता म्हणालात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे कोर्टाने फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला ऐकलं पाहिजे, हा फॉरवर्ड अजून फिरतोय. तरतूद खरी आहे. पण २५ सप्टेंबर २०२५ ला गोव्यातल्या एका चेकच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कलम १३८ च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या, फिर्यादीत अशी आधीची नोटीस काढायची गरज नाही. फिर्यादीकडून असाल तर हा निकाल फाइलला लावून ठेवा, तारखा वाचतील. आणि कलम ४८२ लिहिताना दोनदा बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते हायकोर्टाचे अंगभूत अधिकार होते, नव्यात तो अटकपूर्व जामीन आहे.

राहिलं एक. वर सांगितलेली सुटका एका मॅजिस्ट्रेटसमोरची आहे, ती कोणावर बंधनकारक नाही. दुसऱ्या कोर्टात मजुराला कामापुरतं मराठी येतं एवढ्यावर वेगळा निर्णय होऊ शकतो. म्हणून रिमांडला जाताना अशिलाशी आधी त्याच्या भाषेत बोला, शाळा कुठल्या माध्यमात झाली ते विचारा, आणि त्याची सही बघा.