लेआउटच्या खासगी तळ्यात सगळ्यांना गळ टाकू द्यावा का? मासे संपतील का?

टाकू द्या, पण आधी तळ्यात कोणता मासा आहे ते बघा. रोहू, कटला, मृगळ हे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणजे जेवढे काढाल तेवढे कमीच होणार. दरवर्षी पावसाळ्यात बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्लं) सोडा आणि किती मासे काढले ते वहीत लिहा. वही कंटाळवाणी वाटते, पण तिच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

मरळीचं उलट आहे. ती तळ्यातच वाढते आणि पिल्लं राखते. पावसाळ्यात काठाजवळ लालसर पिल्लांचा पुंजका वळवळताना दिसला की खाली आईबाप असतातच. तेव्हा तिथे गळ टाकू नका. मोठी मरळ गेली, की बाकीचे मासे त्या पुंजक्याचा फडशा पाडतात.

मासा परत सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, मासा सहज सुटतो.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात मात्र गळ बंदच ठेवा. पाणी आटलेलं, तापलेलं, त्यात प्राणवायू कमी; पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील. अशा वेळी सोडलेला मासाही बहुधा मरतो.

आणि कुणी हौसेने थाई मागूर हा परदेशी मासा आणून सोडत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. भारतात 2000 पासून त्यावर बंदी आहे. तो बाकीचे मासे खातो.