अण्णांच्या डायऱ्या आणि एक ट्रंक

प्रश्न : माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, बार्शीच्या कोर्टात ३८ वर्षं फौजदारी वकिली करत होते. गेल्या आषाढात ते गेले. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणपुस्तिका काढायची आहे. मागे राहिल्या आहेत ३८ डायऱ्या आणि फायलींनी भरलेली एक ट्रंक. भावाचं म्हणणं, गाजलेल्या निर्दोष सुटकांची यादी छापू. आई म्हणते, सगळं जाळून टाका, त्यांनी घरी कधी खटल्याचा शब्द काढला नाही, आता तुम्ही कशाला काढता. मधल्यामध्ये पक्षकार येऊन कागद मागतात, काहींची फी बाकी आहे. घरात कोर्टाचं म्हणून एवढंच होतं : साखर खाताना पकडले गेलो की आम्ही भावंडं हात वर करून म्हणायचो, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी साखर खाल्ली.’ त्यावर अण्णा हसून म्हणायचे, ‘साक्षीदार फितूर.’ काय छापावं, काय छापू नये?
— एक मुलगी, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं साखरेचं वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घाला. उलटतपासाची मराठी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ते वाचून अण्णा समोर दिसतील. वकील ‘तुम्ही असं केलंत’ अशी सूचना करतो, साक्षीदार नाकारतो, आणि साक्षीच्या कागदावर उतरतं ‘हे म्हणणे खरे नाही की’. दिवसातून शंभरदा हे ऐकणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन तेच पोरांच्या तोंडून ऐकतो आणि हसतो. भावाच्या यादीत हे कुठे बसणार?

भावाचं मन मोडायचं नाही, पण सुटकांची यादी हा मला स्मरणाचा सर्वांत कोरडा प्रकार वाटतो. त्या यादीत हरलेले खटले नसतात, आणि वकील बऱ्याचदा तिथेच कळतो. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात र. धों. कर्व्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. सुटकांच्या यादीत हा खटला आला नसता. अण्णांनी हरूनही ज्याचा विषय सोडला नाही असा एखादा खटला त्यांच्या कारकुनाला नक्की आठवत असेल. त्यांना घरी चहाला बोलवा. वकिलाबद्दल बायकोला माहीत नसतं ते कारकुनाला माहीत असतं.

आता कायद्याचं. पक्षकारानं वकिलाला विश्वासानं सांगितलेलं वकिलानं बाहेर सांगायचं नाही. हे १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. काम संपलं तरी हे बंधन संपत नाही, आणि वकिलाच्या कारकुनालाही ते लागू आहे. कलमात मुलगी-मुलगा असा शब्द नाही हे खरं. पण अण्णा ३८ वर्षं जेवणाच्या ताटावर गप्प बसले ते कशासाठी, याचं उत्तर याच कलमात आहे. ते मोडायचं काम त्यांच्याच पुस्तिकेनं करू नये. भर कोर्टात जे झालं, साक्षीत आणि निकालपत्रात जे आहे, ते सांगायला हरकत नाही. एक अपवाद मात्र पक्का : लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातल्या पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. गावाचं नावसुद्धा पुरतं ओळखायला.

फरक कसा करायचा ते माझ्याच उदाहरणानं सांगतो. मी सोलापुरात ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना आम्ही ज्युनिअर वकील ‘तात्या’ म्हणायचो. १९८७ साली एका खुनाच्या खटल्यात कोयता जप्त झाल्याचा पंचनामा होता, श्रावणातला. आरोपीनं कडब्याच्या गंजीतून कोयता काढून दिला, असं पंच सांगत होता. तात्यांनी विचारलं, कडबा कसा होता? पंचाला वाटलं, जितकं बारीक सांगू तितकं खरं वाटेल. म्हणाला, ‘ताजा होता साहेब, नुकताच काढलेला, ओलसर.’ ‘तुमच्याकडं ज्वारी कधी काढतात?’ ‘माघात, फाल्गुनात.’ ‘पंचनामा कोणत्या महिन्यातला?’ ‘श्रावणातला.’ तात्या खाली बसले. मी त्यांच्यासाठी रात्रभर जागून आणखी अकरा प्रश्न काढले होते, आणि कागद पुढं सरकवत होतो. त्यांनी तो माझ्या मांडीवर परत ठेवला. पंचाला आणखी एक प्रश्न मिळाला असता तर तो म्हणाला असता, पावसानं भिजला असेल! निकालपत्रात त्या कडब्यावर अर्धं पान आहे.

हे मी सांगू शकतो, कारण हे सगळ्यांसमोर घडलं. आदल्या रात्री आरोपी तात्यांच्या ओसरीवर बसून काय म्हणाला, तेही मी ऐकलं आहे. ते मी सांगणार नाही.

त्या रात्रीचं एवढं सांगतो, की उलटतपासाच्या आदल्या दिवशी तात्या फक्त ताकभात खायचे. काकू ताक घुसळायला बसल्या की मुलं आपापली पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत जायची, कुणी सांगावं लागायचं नाही. आरोपीची म्हातारी आई मोहोळकडच्या एका गावाहून एस.टी.नं आली होती. काकूंनी तिला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली, कारण दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात ती उपाशी बसणार हे त्यांना ठाऊक होतं. तात्यांच्या वकिलीतला हा भाग कोर्टाच्या कुठल्याही रोजनाम्यात नाही. तुमच्या आईंकडे असं पुष्कळ असेल. ‘अण्णांबद्दल सांग’ म्हटलं तर त्या रडतील. त्यापेक्षा विचारा, तारखेच्या आदल्या दिवशी स्वयंपाक काय असायचा, कोटाला बटण कोण लावायचं, गळ्यातले पांढरे बँड धुवायचे कधी. लिहून घ्यायला कुणीतरी शेजारी बसा, दोन कप चहा होईपर्यंत वही भरेल.

डायऱ्या ठेवा. वकिलाच्या डायरीत खटल्याचा नंबर, पुढची तारीख आणि टप्पा असतो : सरतपास (आपल्याच साक्षीदाराला विचारायचे प्रश्न), युक्तिवाद, निकाल. पण समासाकडं बघा. तात्यांच्या डायरीत ‘जामीन अर्ज, दुपारी’ याच्याखाली ‘धाकटीचे दात, संध्याकाळी’ असं असायचं. संक्रांतीच्या आठवड्यात तूप आणि गूळ. असं एक पान निवडून, पक्षकारांची नावं झाकून, जसंच्या तसं छापा. बाकी समासातल्या ओळी वहीत उतरवून काढा, तुमच्या घरापुरत्या.

ट्रंकेचं काम मात्र वर्षश्राद्धाची वाट न बघता उरका. पक्षकारानं दिलेले मूळ कागद पक्षकाराचे आहेत. खरेदीखतं असतील, सातबारे असतील, एखादं पाकीटबंद मृत्युपत्रही निघेल. ते उघडू नका, ज्याचं त्याला किंवा त्याच्या वारसांना पोचवा. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, वकिलाला फायलीवर असा हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. फीच्या बाकीची यादी वेगळी करा, मागायची तर मागा, पण कागद आधी द्या आणि तारखेसह पोच घ्या. ज्यांचे दिवाणी दावे चालू आहेत त्यांना सांगा की वकील वारले की वकीलपत्र तिथंच संपतं. तारखेची वाट न बघता त्यांनी नवीन वकील देऊन नवं वकीलपत्र दाखल करावं. फौजदारीवाल्यांनीही तेच करावं. एक तुमच्यासाठी : अण्णा महाराष्ट्र वकील कल्याण निधीचे सभासद होते का, ते बार असोसिएशनमध्ये विचारा. असतील तर रक्कम वारसाला मिळते, आणि त्या अर्जाला दिरंगाई करू नका.

कोट भावाला नको असेल तर अण्णांच्या शेवटच्या ज्युनिअरला द्या. अंगाला बसला नाही तरी तो घेईल.

राहता राहिली आईंची इच्छा. कागद ज्याचे त्याला गेल्यावर ट्रंकेत उरतील ती अण्णांची स्वतःची टिपणं : पक्षकारानं काय सांगितलं, काय लपवलं, कुठं खोटं बोलतोय असं वाटलं. ती वाचू नका. तुमच्या आई म्हणतात ते या कागदांपुरतं अगदी बरोबर आहे, आणि जाळायचे ते त्यांनीच जाळावेत. तात्या गेल्यावर काकूंनी बंब पेटवला होता. तीन रविवार घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी त्याच टिपणांवर तापलं.