गाडी विकली, पण आरसी अजून तुमच्याच नावावर? मग इन्शुरन्सला हात लावू नका

नाशिकहून एका वाचकाने विचारलंय. 2014 ची वॅगनआर आठ महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एजंटमार्फत विकली, पैसे पूर्ण मिळाले, फॉर्म 29 आणि 30 वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे आरटीओचे फॉर्म) सह्या करून दिल्या, स्टॅम्प पेपरवर नोटरीसुद्धा केली. आता दोन महिन्यांपूर्वी इन्शुरन्सचे पैसे ऑटो-डेबिटने खात्यातून कापले गेले. त्यांचा प्रश्न असा, "वकीलताई, गाडीच राहिली नाही तर इन्शुरन्स कशाला, कॅन्सल करून पैसे परत घेतो ना?" आणि शेवटी सहज लिहिलंय की फास्टॅगचे मेसेज अजून येतात, मागच्याच आठवड्यात चांदवड टोलचा आला.

असे प्रश्न मला महिन्याला तीन-चार तरी येतात. गाडी बदलते, गाव बदलतं, बाकी गोष्ट तीच.

दादा, तुम्ही सगळं लिहिलंत, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवर, आज कोणाचं नाव आहे ते लिहिलंच नाही. परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. तिथे मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं झाकलेली असतात, पण आपलं नाव आपल्याला ओळखू येतं. ते तुमचंच असेल, आणि तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतंय, तर पॉलिसी आज कॅन्सल करायची नाही.

कारण सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2 (30) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी रजिस्टर आहे तो (लोन असेल, गाडी हप्त्यावर असेल तर थोडं वेगळं). पैसे कोणी दिले, चावी कोणाकडे आहे, रोज कोण चालवतंय, हे अपघात झालेल्या माणसाने शोधत बसायचं नसतं. 2018 साली सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये हेच सांगितलं. त्यात गाडी 2007 मध्ये विकलेली, पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली, अपघात झाला 2009 मध्ये आणि नुकसानभरपाईची जबाबदारी शेवटी आली ती रजिस्टरवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर. 2009 चा अपघात आणि निकाल 2018 चा, नऊ वर्षं! इतक्या वर्षांत कोर्टात चकरा मारणाऱ्याचं काय होतं ते मी रोज बघते, म्हणून मला या बाबतीत राग येतो, सौदा करताना अर्धा दिवस वाचवायचा आणि मग इतकी वर्षं घालवायची.

आता तुमची नोटरी. ती फाडू नका, जपून ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. "आजपासून सर्व जबाबदारी घेणाऱ्याची" हे वाक्य तुमच्यात आणि घेणाऱ्यात आहे. रस्त्यावर ज्याचा पाय मोडला त्याने त्या कागदावर सही केलेली नाही, तो तुमच्याकडूनच मागणार. तुम्ही आधी भरा आणि मग त्या कागदाच्या जोरावर घेणाऱ्यावर वेगळा दावा लावा, एवढाच त्याचा उपयोग.

माझ्याकडे एक रिटायर्ड क्लार्क आले होते, नाव-गाव सांगत नाही. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये स्टॅम्प पेपर, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि चावी देतानाचा फोटो, सगळं नीट लावलेलं. त्यांनीही गाडी विकल्यावर "आता आपला काय संबंध" म्हणून पॉलिसी बंद केली होती. वर्षभराने घरी समन्स आलं, मोटार अपघात न्यायाधिकरणाचं, आणि त्यात ते सामनेवाला क्रमांक 1. गाडी घेणाऱ्याला काढलेलं समन्स बेलिफच्या शेऱ्यासह परत आलं, "पत्त्यावर राहत नाही". मग तारीख, पुढची तारीख, साहेब रजेवर, परत तारीख. ते दर तारखेला तो फोल्डर छातीशी धरून बाकावर बसायचे आणि मला विचारायचे, मॅडम, हा फोटो दाखवला तर? शेवटी हुकूम झाला तो त्यांच्यावर आणि ड्रायव्हरवर, दोघांवर मिळून, आणि ड्रायव्हरकडे होतंच काय. अशी रक्कम भरली नाही तर कलम 174 खाली कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्यांनी फंडाच्या पैशातून भरली. पॉलिसी चालू असती तर ही रक्कम इन्शुरन्स कंपनीने भरली असती.

आणि तुमची गाडी रस्त्यावर आहे हे तुम्हाला माहीत आहे! चांदवडचा मेसेज तेच सांगतोय. कोण चालवतंय, लायसन्स आहे की नाही, दारू पिऊन चालवतो का, काहीच माहीत नाही, आणि अशा वेळी तुमच्या आणि त्या अपघाताच्या मधे उभी असलेली एकमेव गोष्ट तुम्ही दोन-चार हजारांसाठी काढून टाकायला निघालात.

बरेच जण विचारतात की गाडी विकल्यावर जुनी पॉलिसी आपोआप बाद होत नाही का. नाही होत. कलम 157 प्रमाणे गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की थर्ड पार्टीचं संरक्षण (म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्याची भरपाई) गाडीबरोबर त्याच्याकडे गेलं असं धरतात. आणि नाव बदललंच नसेल तर रजिस्टर्ड मालक म्हणून तुमच्या नावावरची पॉलिसी थर्ड पार्टीसाठी चालते. 2011 च्या पुष्पा ऊर्फ लीला विरुद्ध शकुंतला या केसमध्ये ट्रक विकलेला होता, पॉलिसी मात्र जुन्या मालकाच्याच नावाने काढलेली होती, तरी सुप्रीम कोर्टाने इन्शुरन्स कंपनीला पैसे भरायला लावले. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग म्हणजे ओन डॅमेज मात्र असा आपोआप जात नाही, त्यामुळे उद्या तो घेणारा फोन करून म्हणाला की बंपर तुटलाय, पॉलिसी तुमच्या नावावर आहे, तेवढी क्लेम फॉर्मवर सही करा, तर करू नका. गाडी तुमची नाही हे माहीत असून तुमची म्हणून सही करणं हा सरळ खोटेपणा आहे, कंपनी क्लेम नाकारेल ते वेगळंच.

मग करायचं काय? मूळ चूक दुरुस्त करायची. कलम 50 वाचा, गाडी त्याच राज्यात विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवण्याचं काम विकणाऱ्याचं आहे, म्हणजे तुमचं, एजंटचं नाही. घेणाऱ्याला 30 दिवस. तुम्ही फॉर्मवर सह्या करून ते एजंटच्या हातात दिलेत आणि आठ महिने विचारलंसुद्धा नाही, इथेच गाडं अडलंय. फॉर्म 29 दोन प्रतींत भरायचा असतो आणि नाव बदलल्याची नोंद झाली की एक प्रत आरटीओच्या शेऱ्यासह विकणाऱ्याकडे परत यायची असते, ते त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. तुमच्याकडे ती आली का? नाही आली, तर त्याच दिवशी कळायला हवं होतं की एजंटने कागद टेबलाच्या खणात टाकलेत किंवा गाडी कोणाच्या नावावर न चढवताच पुढे विकलीये.

सोमवारीच फॉर्म 29 ची नवीन प्रत, विक्रीची पावती, नोटरी, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आणि एक साधा अर्ज घेऊन आरटीओत जा, इनवर्डचा शिक्का घ्या. काउंटरवर घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. निव्वळ तुमच्या अर्जावर नाव बदलेल असं मी म्हणत नाही, घेणाऱ्याचा फॉर्म 30 आणि त्याचे कागद लागतातच, ऑफिसगणिक थोडा फरकही पडतो. पण आपण कळवलं याचा तारखेसह पुरावा तयार होतो, आणि पुढे पोलिसांनी विचारलं की गाडी कोणाकडे होती तर तो उपयोगी पडतो. त्याच दिवशी घेणाऱ्याला आणि एजंटला नोटीस पाठवा, 15 दिवसांत नावावर करून घ्या म्हणून. हा एजंट जर 1 एप्रिल 2023 नंतरच्या नियमांप्रमाणे आरटीओकडे नोंदलेला अधिकृत डीलर असेल आणि फॉर्म 29सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची आरटीओला सूचना) भरलेला असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे, कारण मग नोंदलेला डीलरच मालक धरला जातो. पण "ओळखीतला एजंट" म्हटल्यावर मला ती आशा कमीच आहे, तरी विचारून बघा.

नाव बदलेपर्यंत पॉलिसी चालू ठेवा. मधेच तिची मुदत संपली तर पूर्ण पॅकेज घेऊ नका, फक्त थर्ड पार्टी काढा. हजार सीसीच्या आतल्या खासगी गाडीला जून 2022 मध्ये लागू झालेला दर वर्षाला 2,094 रुपये होता, जीएसटी वेगळा. विकलेल्या गाडीसाठी हे भरताना जिवावर येतं, मला कळतं, पण भरा. ओन डॅमेजचा भाग आत्ता वेगळा काढून मिळतो का ते कंपनीला विचारा, ते पॉलिसीच्या प्रकारावर आहे.

ज्या दिवशी आरसीवर दुसऱ्याचं नाव दिसेल त्या दिवशी कंपनीला ईमेल करा, सोबत नवीन आरसीचा स्क्रीनशॉट. नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र मागायला विसरू नका, तो बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही, आणि साधारण तीन वर्षांच्या आत नवीन गाडीला वापरता येतो. पॉलिसी घेणाऱ्याच्या नावावर चढवायची की कॅन्सल करून उरलेला प्रीमियम मागायचा हे तेव्हा ठरवा. कॅन्सलच करणार असाल तर घेणाऱ्याला आधी लेखी कळवा, तो बिचारा बिनइन्शुरन्सची गाडी चालवत राहायला नको. रिफंड किती ते कंपनी सांगेल, दरम्यान क्लेम झालेला असेल तर बहुतेक नाही मिळत.

आणि फास्टॅग. आधी गेल्या आठ महिन्यांचं स्टेटमेंट बँकेकडून काढून घ्या, गाडी कुठे कुठे फिरली ते त्यात तारखेसह येतं, मग टॅग बंद करा. स्टेटमेंटची एक प्रत सोमवारच्या अर्जाला जोडा.