नोकरी पणजीत, शाळा म्हापशात: घर पर्वरीत घ्यावं की म्हापशात?

तुमची नोकरी पणजीत, पत्नी म्हापशाच्या शाळेत शिक्षिका, मुलगी तिसरीत, आई सत्तरीच्या पुढची आणि घरात गाडी एकच. गोव्यातल्या अशा घराने फ्लॅट पर्वरीत घ्यावा की म्हापशात, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर म्हापसा. मी म्हापशात वाढले, लग्नानंतर बरीच वर्षं पर्वरीत काढली आणि आता पुन्हा म्हापशातल्या खोर्लीत राहते, तेव्हा दोन्हीकडचं राहणं मला माहीत आहे.

घर शोधताना आपण आधी पणजीपासूनचं अंतर मोजतो आणि तिथेच पर्वरीचं पारडं जड होतं. मांडवीचा पूल ओलांडला की पर्वरी. म्हापसा मात्र पणजीहून साधारण १३ किलोमीटर. विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय सगळं पर्वरीत, त्यामुळे सरकारी नोकरदारांचा ओढा तिकडे असणं साहजिक आहे. पण तुमच्या घरातून पणजीला जाणारे तुम्ही एकटे. म्हापशाहून कदंबची, म्हणजे सरकारी एसटीची, शटल बस सुटते, तिकीट आधी खिडकीवर काढायचं, मग मध्ये कुठे न थांबता थेट पणजी. बसायला जागा मिळते. पर्वरीत मात्र सकाळी बस येते तीच म्हापशाहून भरून. शिवाय पर्वरीतल्या सुकूर किंवा तोर्ड्याच्या आतल्या बाजूला घर असेल तर महामार्गापर्यंतच चांगली चाल आहे. म्हणजे गाडी तुम्ही नेणार, पत्नी म्हापशाला जायला स्कूटर घेणार आणि मुलीला शाळेत कोण सोडणार हा प्रश्न रोज सकाळी उभा राहणार. मांडवीवरचा नवा अटल सेतू २०१९ मध्ये झाला, पण पर्वरीतली कोंडी त्याने सुटली नाही, म्हणून तर तिथे पाच किलोमीटरचा उन्नत मार्ग हाती घ्यावा लागला.

पण मी म्हापसा म्हणते ते मुख्यतः तुमच्या आईंसाठी. घरात सर्वांत जास्त तास त्याच असणार. तुम्ही दोघं सकाळी जाऊन संध्याकाळी येणार, मुलगी दुपारपर्यंत शाळेत. पर्वरीत राष्ट्रीय महामार्ग ६६ वस्तीच्या मधूनच जातो. माझ्या सासूबाई पर्वरीत आल्या तेव्हा त्यांचे पाय ठणठणीत होते, पण दुकान रस्त्याच्या पलीकडे आणि ओलांडायची हिंमत होईना. हळूहळू त्यांनी एकटं बाहेर पडणंच सोडलं. भाजीपासून औषधांपर्यंत प्रत्येक गोष्टीला आमच्यापैकी कोणीतरी घरी येण्याची वाट बघायच्या. हे मला फार लागलं होतं. खोर्लीत आल्यावर त्या मारुतीच्या देवळात एकट्या जाऊ लागल्या, शुक्रवारच्या बाजारात भाव करून घासाघीस करू लागल्या, चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान स्वतः निवडून आणू लागल्या. जानेवारीत म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेला शेजारणींबरोबर चालत गेल्या. बाजार, बँक, दवाखाना, देऊळ पायी गाठता येतं ही सोय दर चौरस मीटरच्या भावात दिसत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला ती हवीच असते.

एक गोष्ट पर्वरीच्या बाजूने सांगायलाच हवी. म्हापशात पेड्याला जिल्हा इस्पितळ आहे, नेहमीच्या आजारपणाला ते जवळ पडतं. पण मोठं काही झालं तर पणजीपलीकडे बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातच न्यावं लागतं आणि तिथे पर्वरीहून लवकर पोचता येतं. आईंना हृदयाचा त्रास असेल तर हे गंभीरपणे विचारात घ्या.

पाण्याचं म्हणाल तर बार्देशचं (पर्वरी आणि म्हापसा दोन्ही याच तालुक्यात) पाणी मुख्यतः अस्नोड्याच्या प्रकल्पातून येतं आणि त्याची मदार तिळारी धरणाच्या कालव्यावर. कालव्याला भगदाड पडलं की दोन्हीकडे नळ कोरडे. तरी पर्वरी पठारावर आहे, उंचावरच्या वसाहतींत एप्रिल-मेमध्ये टँकर फिरताना दिसतात. इमारतीचा बिल्डर काहीही सांगो, वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला विचारा: मे महिन्यात टँकर किती वेळा येतो आणि पैसे कोण भरतं? म्हापशात उलटा त्रास, तार नावाच्या भागाकडचा सखल भाग पावसात तुंबतो. तिथला फ्लॅट स्वस्त मिळाला तरी जुलैत बघितल्याशिवाय घेऊ नका. म्हापशातली खोर्ली, दत्तवाडी, दुलेर ही नावं मी आधी बघेन. करासवाड्याला औद्योगिक वसाहत आणि अवजड वाहनं, मुलगी लहान असताना मला ते नको वाटेल.

कागदपत्रांतही फरक आहे. म्हापशाला नगर भूमापन झालेलं, त्यामुळे पी. टी. शीट, चलता नंबर आणि फॉर्म डी (नगर भूमापनातली जागेची नोंद) मागायचा. पर्वरी म्हणजे पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर दु मुंद अशा पंचायतींत विभागलेली. तिथे सर्व्हे नंबर आणि एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा म्हणा), आणि ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, कोणत्या पंचायतीची हेही बघायचं. पर्वरीच्या पठाराची पुष्कळ जमीन मूळची सेरूला कोमुनिदादची, म्हणजे पोर्तुगीज काळापासूनच्या गावच्या सामायिक जमीन-संस्थेची. ती योग्य मार्गाने सुटली होती का, सनद (जमीन बांधकामासाठी वापरायची परवानगी) कोणाच्या नावे झाली, याचा माग वकिलाकडून मागपर्यंत काढून घ्या. म्हापशात जुनं घर पाडून इमारत उभी असेल तर वेगळी मेख असते: कूळ-मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) होता का, आणि सगळ्या वारसांनी सह्या केल्या का. आपल्याकडे गोव्याच्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता पती-पत्नी दोघांची, म्हणून प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. एक भाऊ पोर्तुगालला, एक बहीण लंडनला असं असेल तर मुखत्यारपत्रं नीट तपासा. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली कारवाई, झाली असेल तर निकालाची प्रत मागा. रिसेलचा फ्लॅट असेल तर सोसायटी नोंदवली आहे ना, हे विचारा. ती नसेल तर गळकं छप्पर दुरुस्त करायला कोणीच पुढे येत नाही.

भावाबद्दल फार लिहीत नाही. सारख्या फ्लॅटला पर्वरीत साधारण जास्त मोजावे लागतात आणि तो फरक कर्जाच्या हप्त्यात दर महिन्याला जाणवतो.

गिरीलाही जाहिराती दिसतील, 'पर्वरी-म्हापशाच्या मधोमध' म्हणून. तुमच्यासारख्या एकाच गाडीच्या घराला मी ते सुचवणार नाही, कारण तिथून दोन्ही बाजार पायी लांब.

पत्नीची बदली पणजीकडे व्हायची शक्यता असेल किंवा आईंच्या तब्येतीमुळे पर्वरीच ठरली, तर आल्त पर्वरीत अशी इमारत शोधा जिथून महामार्ग न ओलांडता किराणा, औषधांचं दुकान आणि बसथांबा मिळतो. टोकन देण्याआधी एका संध्याकाळी सहा-साडेसहाला आईंना घेऊन जा आणि त्या तिन्ही ठिकाणी त्यांच्याबरोबर चालत जाऊन या.