बैल कोणासाठी विकला?

आपण विचारले आहे की, आठवणी, प्रेरणास्थाने आणि आजवर घेतलेले निर्णय यांवरून स्वतःला कसे ओळखावे. आपले वय २९ आहे, पुण्यात नोकरी आहे, गावी परतून शेती करावी असे अधूनमधून वाटते आणि ते ठरवण्याआधी आपण मुळात कोण आहोत हे आपल्याला पाहायचे आहे, असेही आपण लिहिले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका खेड्यात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ३७ वर्षे शिकवून २०२४ मध्ये निवृत्त झालो. मी या विषयाचा अभ्यासक नाही. मात्र निवृत्त झालो त्याच उन्हाळ्यात स्वतःविषयीची माझी एक जुनी समजूत आणि तिच्या जागी उभी केलेली दुसरी, अशा दोन्ही लागोपाठ खोट्या ठरल्या, त्या अनुभवाच्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

जुनी समजूत अशी होती. १९८४ मध्ये बारावीनंतर मला डी.एड.ला प्रवेश मिळाला, घरात पैसा नव्हता, तेव्हा बाबांनी जोडीतला एक बैल विकून माझी फी भरली. ही हकीकत मी सातवीच्या प्रत्येक निरोप समारंभात सांगितली आहे. मी शाळेत कधी उशिरा गेलो नाही, तास कधी बुडवला नाही, याचे कारणही मी स्वतःला हेच देत आलो की, ज्याच्या शिक्षणासाठी दावणीचा बैल गेला त्याला कामचुकारपणा शोभत नाही. थोडक्यात, मी कोण, या प्रश्नाचे माझे उत्तर त्या बैलापासून सुरू होत असे.

त्या उन्हाळ्यात जुन्या घराची कवेलू, म्हणजे कौले, फेरताना माळ्यावरच्या लोखंडी पेटीत बाबांच्या सात वह्या सापडल्या. बाबा तिसरी शिकलेले होते. लाल कापडी बांधणीच्या त्या लांबट वह्यांत शिसपेन्सिलीने, बोलायचे तसेच लिहिलेले आहे : क्विंटलला 'कुंटल', सरकीच्या बॅगा, डवरणीची मजुरी, कापसाच्या चुकाऱ्याचा 'पयला हप्ता' आणि त्यापुढे बरेच दिवस कोरी राहिलेली दुसऱ्या हप्त्याची ओळ. एकाधिकार खरेदीचा, म्हणजे कापूस सरकारलाच विकावा लागे आणि पैसे हप्त्यांनी मिळत, तो काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या कोऱ्या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. १९८४ च्या पानावर माझी नोंद होती : 'पोराची फी ४६०, बाईच्या वेचाईतून.' आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, आणि वेचाई म्हणजे कापूस वेचण्याची मजुरी. बैलाची नोंद त्या पानावर नव्हतीच. ती पुढच्या वर्षी, एप्रिल १९८५ मध्ये सापडली : 'बैल ईकला १४५०, बाईचं लगन.'

मी ते पान उन्हात नेऊन पुन्हा वाचले. मग लक्षात आले की, डी.एड.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आलो तेव्हा दावणीला एकच बैल होता आणि त्या वर्षीच्या पोळ्याला बाबांनी शेजाऱ्याचा बैल जोडीला लावून तोरणाखाली नेला होता. हे दृश्य खरे आहे. त्याचे कारण मात्र मी माझ्या मनाने जोडले, आणि बहिणीच्या लग्नात गेलेला बैल माझ्या फीच्या खात्यावर मांडून मोकळा झालो.

स्मरण ही पेटीतून वस्तू काढण्यासारखी क्रिया नसून दर वेळी नव्याने केलेली जुळवणी असते, हे फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच मांडले होते. त्याने केंब्रिजमधील लोकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अनोळखी कथा वाचायला दिली आणि काही काळाच्या अंतराने ती पुन्हा पुन्हा लिहायला लावली. लोकांनी अपरिचित तपशील गाळले आणि उरलेल्यांना आपल्या ओळखीचे रूप दिले. कथेतली डोंगी साधी होडी झाली, सीलची शिकार साधी मासेमारी झाली. बी.एड. करताना मी हे परीक्षेपुरते पाठ केले होते, त्यात चांगले गुणही मिळाले होते, पण ते मला लागू पडत असेल अशी शंका तेव्हा आली नाही.

दुसरी एक खूण आपल्याला स्वतःच तपासून पाहता येईल. काही प्रसंग आठवताना ते आपल्याच डोळ्यांनी पाहत असल्यासारखे दिसतात, तर काहींत आपण स्वतःलाच बाहेरून पाहतो. जॉर्जिया नायग्रो आणि उलरिक नाइसर यांनी १९८३ मध्ये या दोन प्रकारांचा अभ्यास मांडला होता. मला दारव्ह्याच्या स्टेशनवरचा सकाळचा देखावा स्पष्ट दिसतो : शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन, खिडकीशी पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसलेला किडकिडीत मुलगा, खाली उभे असलेले बाबा. त्या मुलाचा चेहरा मला दिसतो, आणि तो मुलगा मीच आहे. स्वतःचा चेहरा मला तिथे दिसणे शक्य नव्हते, एवढी साधी गोष्ट चाळीस वर्षे मला खटकली नाही. पुढे बाईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "रेल्वेनं कायचा गेलता? यष्टीनं गेलता तू. पेटी टपावर टाकली होती." शकुंतलेची वाफेची गाडी १९९४ पर्यंत आमच्या भागातून धावत होती, म्हणून ते दृश्य अशक्य नाही. पण तिकीट कोणी जपून ठेवलेले नसल्याने या बाबतीत आमचा वाद मिटलेला नाही.

वह्या वाचल्यावर मी लगेच दुसरी समजूत उभी केली, आणि ही पहिलीपेक्षा अधिक हृदयद्रावक होती : बहिणीने माझ्यासाठी शाळा सोडली, पऱ्हाटीत कंबर वाकवून कापूस वेचला आणि मला मास्तर केले. दोन रात्री मला झोप आली नाही. निवृत्त मास्तराला एक सोय असते, ती म्हणजे शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर सन्मानाने पाहायला मिळते. त्यात तिच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख १९७८ च्या उन्हाळ्यातली निघाली आणि कारणाच्या रकान्यात 'सातवी उत्तीर्ण, पुढील वर्ग नाही' असे लिहिलेले होते. १९७८ मध्ये मी पाचवी-सहावीत होतो. माझ्या डी.एड.चा तेव्हा कोणाच्या मनात विचारही असणे शक्य नव्हते.

मग मी तिच्या गावी गेलो. ती ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. मी आधी माझी हकीकत सांगितली नाही, हे त्यातल्या त्यात शहाणपण केले, कारण आपण आपली बाजू आधी मांडली की, समोरचा माणूस प्रेमापोटी किंवा भिडेपोटी तीच आपल्याला परत देतो. मी फक्त विचारले की, त्या वर्षी काय झाले होते. ती म्हणाली, "बैल माया लग्नात गेला. शाळा मले आवडेच नाही, मास्तर लय मारे. अन् तुया फीचे पैसे मीच देल्ले होते, बाबानं मांगले नोयते. मले वाटलं, घरात एक तरी पगार आला पाह्यजे." एवढे बोलून ती पुन्हा सुपाकडे वळली.

हे उत्तर ऐकून मला बरे वाटले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तिने त्याग केला असता तर मी कृतज्ञ राहू शकलो असतो. प्रत्यक्षात तिने वीस वर्षांच्या वयात घराचा हिशेब ओळखून स्वतःच्या कमाईचे पैसे कुठे लावायचे ते ठरवले होते, आणि मी त्या हिशेबातली एक रक्कम होतो. माझ्या दोन्ही समजुतींत, बैलाच्या आणि बहिणीच्याही, मध्यभागी मीच उभा होतो आणि बाकीची माणसे व जनावरे माझ्यासाठी खर्ची पडत होती. शिवाय बैलाचे ऋण सोयीचे असते. ते भाषणात मान्य केले की फिटते. जिवंत बहिणीचे ऋण मान्य केले की, तिच्याकडे वर्षातून दोनदा तरी जावे लागते, आणि मी भाऊबीजेलाही दर वर्षी गेलेलो नाही. आठवणींवरून मला माझी जी ओळख पटली ती एवढीच.

प्रेरणास्थानांबाबत थोडक्यात सांगतो. आमच्या भागात हा प्रश्न विचारला की, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज किंवा गाडगेबाबा ही नावे ठरलेली असतात, आणि मी गाडगेबाबांचे नाव घेत असे. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले, अक्षरओळख नसलेले गाडगेबाबा १९०५ मध्ये घराबाहेर पडले. गावात गेले की आधी हातातल्या खराट्याने गाव झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे, आणि कीर्तनात आपण सांगण्यापेक्षा समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, ही त्यांची रीत होती. दर २० डिसेंबरला आमच्या शाळेत त्यांची पुण्यतिथी होई, तसबिरीला हार मी घाली आणि पटांगण मुले झाडीत. त्यांच्या आयुष्यातून मी खराटा घेतला नाही. वर्गात प्रश्न विचारण्याची पद्धत थोडीफार घेतली असेन. उलट १९८७ पासून मी रोजचा खर्च, रजा, पाऊस आणि पेरणी एका वहीत लिहीत आलो आहे, आणि ही सवय शिक्षकी पेशातून आली असे मी समजत होतो. माझ्या बाबांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर दिसले की, रकाने आखण्याची तऱ्हासुद्धा त्यांचीच आहे. वडिलांना मी आयुष्यात कधी प्रेरणास्थान म्हटले नव्हते.

आता निर्णयांकडे येतो, कारण आपला खरा प्रश्न तोच आहे. २००९ मध्ये मला केंद्रप्रमुखपदाची बढती मिळत होती आणि ती मी नाकारली. मुलांना सोडवत नाही, असे मी सर्वांना सांगितले आणि माझाही त्यावर विश्वास होता. निवृत्तीनंतर माझ्याच वह्यांमधून १९९५ ते २००५ या अकरा वर्षांच्या किरकोळ रजा मोजल्या. ९६ रजांपैकी ७१ रजा एकतर जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे दुबार पेरणी, डवरणी, फवारणीच्या दिवसांत, किंवा दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत घेतलेल्या आहेत. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे पहिली पेरणी सुट्टीतच उरकत असे. नाहीतर हा आकडा आणखी वाढला असता. मुलीच्या दहावीच्या वर्षी तिच्यासाठी घेतलेली एकही रजा सापडली नाही. बढती घेतली असती तर केंद्रातल्या सगळ्या शाळांवर फिरावे लागले असते आणि घरचे पाच एकर दुसऱ्याला ठेक्याने द्यावे लागले असते, हे मी तेव्हा कोणाजवळ बोललो नाही. 'मी शेती सोडली आणि शिक्षक झालो' हे माझे आवडते वाक्य होते. रजेचे अर्ज सांगतात की, मी शेती एक दिवसही सोडलेली नव्हती, ती मी पगाराच्या आधाराने करत होतो, आणि नापिकीच्या वर्षी मला रात्री झोप लागत होती ती त्या पगारामुळे.

म्हणून आपल्याला सुचवावेसे वाटते की, 'मला गावाची ओढ आहे' या वाक्यापासून सुरुवात करू नये, कारण ते बैलाच्या हकीकतीसारखे असण्याचा संभव आहे. गेल्या तीन-चार वर्षांच्या आपल्या रजा, प्रवासाची तिकिटे, बँकेचे पासबुक आणि घरी केलेले फोन समोर घ्यावेत. आपण गावी कोणत्या महिन्यात आलात? केवळ दिवाळीत आणि लग्नसराईत, की कधी वेचणीला मजूर मिळत नव्हते म्हणूनही? आल्यावर धुऱ्यापर्यंत जाऊन परतलात, की दिवस मावळेपर्यंत वावरात थांबलात? बोंडअळी आली तेव्हा आपण आधी भाव विचारला की फवारणी? सातबारा आणि फेरफाराच्या नोंदीही काढून पाहाव्यात. जमीन कधी, कोणाकडून आली किंवा कोणाकडे गेली, याच्या घरात सांगितल्या जाणाऱ्या तारखा आणि तलाठ्याकडच्या तारखा पुष्कळदा वेगळ्या निघतात, आणि तो फरक कोणाच्या सोयीचा आहे हे पाहण्यासारखे असते.

त्यानंतर घरातल्या अशा एका माणसाशी बोलावे, ज्याचे नाव आपल्या आठवणींत क्वचितच येते. प्रश्न लहान ठेवावा आणि आपली हकीकत शेवटपर्यंत सांगू नये. उत्तर आवडले नाही तर वाद घालू नये, घरी येऊन लिहून ठेवावे. मी बाईचे शब्द त्याच संध्याकाळी बाबांच्या १९८५ च्या वहीतल्या एका कोऱ्या पानावर लिहून ठेवले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती वही तिने मागून घेतली आणि आता ती तिच्याच घरी आहे.