मायक्रोफायनान्सचं कर्ज घेऊन बायकांचं छोटं दुकान खरंच चालतं का? वहिनीला घ्यायचंय.

चालतं, पण बहुतेक वेळा जिचं दुकान आधीच उभं आहे तिचं. शून्यातून काढायचं असेल तर फार आशा धरू नका. आधार हैदराबादच्या अभ्यासाचा आहे. तिथल्या १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्या सोडतीनं निवडून एका संस्थेनं तिथे कर्जवाटप सुरू केलं: बायकांचे गट, पहिलं कर्ज १०,००० रुपये, ५० आठवडी हप्ते. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी बाकीच्या वस्त्यांशी तुलना केली. जुन्या दुकानांत माल वाढला होता, पण नफा मुख्यतः आधीच चांगल्या चालणाऱ्यांचा वाढला. मुलांच्या शिक्षणात किंवा घरात बाईच्या शब्दाला मिळणाऱ्या वजनात ठळक फरक दिसला नाही.

मला यात खरी अडचण हप्त्याची वाटते. माल विकून पैसा यायच्या आतच पहिला हप्ता दारात उभा, मग बाई धंद्यात गुंतवणार काय? कोलकात्यात काही जणींना पहिल्या हप्त्यासाठी दोन आठवड्यांऐवजी दोन महिने दिले, तर तीन वर्षांनी त्यांचा नफा सुमारे ४१ टक्के जास्त निघाला. अर्थात, त्यांच्यात कर्ज थकण्याचं प्रमाणही वाढलं.

तेव्हा वहिनींनी सही करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात:
- पहिला हप्ता कधी?
- व्याज घटत्या बाकीवर (म्हणजे फेडायचं उरलंय तेवढ्यावरच) की शेवटपर्यंत मूळ रकमेवर? हैदराबादेत मूळ रकमेवरचे १२ टक्के प्रत्यक्षात जवळपास २४ पडत होते.