इंजिन खोलायच्या आधी तो वीतभर पाइप काढून बघा

तुमचा प्रश्न असा : २००२ ची झेन, टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग वर्षात दोनदा बदललं तरी ऑइल झिरपतं, एअर फिल्टर तेलाने भिजतो, आणि गॅरेजवाला म्हणतो की इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय (सिलिंडरमधला गॅस पिस्टनच्या बाजूने खाली उतरतोय), खोलावं लागेल. खोलू का?

नका खोलू. आत्ता लगेच तरी अजिबात नका.

हेच मी २०१३ साली कोल्हापुरात, आमच्या घरी जेवताना सांगितलं होतं. बाबांची झेन होती, ९९३ सीसीची, तुमच्यासारखीच. आधी एअर फिल्टर तेलकट व्हायला लागला. मग टॅपेट कव्हर गळायला लागलं. मग काही महिन्यांनी फिल्टर आपोआप कोरडा झाला आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं. त्याच पावसाळ्यात पन्हाळा चढताना क्लच स्लिप झाला, गाडीत जळका वास भरला. गिअरबॉक्स उतरवला तर इंजिनाचं मागचं, गिअरबॉक्सच्या बाजूचं मेन ऑइल सील गेलेलं, क्लच प्लेट तेलात न्हालेली. सील बदललं. तीन महिन्यांत परत तेच.

दादा तेव्हा फाउंड्रीत होता. तो म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, फुल इंजिन काम करून टाकू. मी म्हणालो, आधी ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बघू, म्हणजे इंजिनात साठलेला गॅस ज्यातून बाहेर ओढला जातो ती नळी आणि झडप. त्यावर, "मी रोज लोखंडात हात घालतो, तू बँकेत व्हाउचर तपासतोस," एवढं बोलून त्याने विषय संपवला. बाबा गप्प बसले. मोठ्या मुलाचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही.

मला आजही राग येतो तो एका कागदाचा. इंजिन खोलण्याआधी गॅरेजने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं होतं. चारही सिलिंडर साडेतेरा किलोच्या आसपास, एकमेकांत फारसा फरक नाही. हे आकडे रिंगा गेलेल्या इंजिनाचे नव्हेत. तो कागद बिलाला टाचलेला होता आणि कुणी वाचलाच नाही. सिलिंडर बोर झाले, पिस्टन-रिंगा नव्या आल्या, सगळी सीलं नवी आली. बाबांच्या पेन्शनमधले अठ्ठावीस हजार गेले. आणि जुना व्हॉल्व्ह, जुने पाइप पुसून परत जागच्या जागी बसवले. चार हजार किलोमीटरला मागचं सील पुन्हा गळायला लागलं.

मग एका रविवारी मी एकट्याने बॉनेट उघडलं. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतला प्लंजर खुळखुळायला हवा होता, पण आवाजच नाही, कार्बनने दगड झालेला. एअर फिल्टरकडे जाणारा दुसरा पाइप तोंडाला लावून फुंकला, तर हवा जाईना. आतून काळ्या चिकट गाळाने भरलेला. फिल्टर कोरडा का झाला होता ते तेव्हा कळलं. व्हॉल्व्ह बंद पडल्यावर पिस्टनच्या बाजूने खाली उतरणारा गॅस या पाइपातून उलटा फिल्टरकडे जात होता. तोही पाइप तुंबल्यावर गॅसला बाहेर पडायला सीलशिवाय जागा उरली नाही. नवा व्हॉल्व्ह, दोन नवे पाइप आणि अजून एकदा गिअरबॉक्स उतरवून सील. त्यानंतर गाडी विकेपर्यंत, म्हणजे पाच वर्षं, खाली तेलाचा एक थेंब पडला नाही.

आता तुमच्या गाडीबद्दल. तुमचा फिल्टर अजून भिजतोय, म्हणजे तो पाइप मोकळा आहे. वेळ गेलेली नाही. इंजिन गरम करा, आयडलिंगला ठेवा, टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे (इंजिन ज्यातून हवा ओढतं त्या नळ्यांकडे) जाणारा पाइप पकडीत फडकं घालून दाबा. आयडलिंग किंचित पडलं पाहिजे, व्हॉल्व्हचा टक् असा आवाजही बरेचदा येतो. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा पाइप बंद आहे. उलट दाबल्यावर आधीचं थरथरणारं आयडलिंग एकदम सुधारलं, तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. अशी गाडी तेल ओढून जाळते. मग ऑइल भरायच्या तोंडावर एक साधा कागद ठेवा. तो हलका ओढून धरला गेला तर ठीक, उडाला तर आत दाब आहे. व्हॉल्व्ह कार्ब क्लीनरने धुऊन चालतो असं लोक सांगतात. मी तसं करत नाही. आतली स्प्रिंग म्हातारी झालेली असते, नवाच टाका. पाइपही तेलाने फुगून मऊ पडलेला असेल तर ओढीने आतल्या आत चपटा होतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो.

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरी साय दिसली म्हणून हेड गॅस्केट गेलं असं कुणी म्हणालं, तर आधी कूलंट कमी होतंय का बघा. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ तिथेच थिजते. हवा खेळायची बंद झाली की ते आणखी वाढतं.

दादा अजूनही म्हणतो की इंजिन काम केलं म्हणूनच गाडी टिकली. मग नव्या रिंगांवर चार हजारात सील का गेलं, याचं उत्तर त्याने आजवर दिलेलं नाही. बाबा गेले, तरी नाही.

एक सांगायचं राहिलं. नवा व्हॉल्व्ह आणि मोकळे पाइप असूनही ऑइलच्या झाकणातून भकाभका धूर येत असेल, सायलेन्सर निळा धूर टाकत असेल, तर तुमचा गॅरेजवाला बरोबर असू शकतो. तेव्हा कॉम्प्रेशन कोरडं एकदा घ्या आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. ऑइलने आकडा चांगलाच चढला तर रिंगा, जवळपास तेवढाच राहिला तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या सीट (पीसीव्ही नव्हे). आणि हे सगळं पेट्रोल गाडीचं. डिझेलला मॅनिफोल्डमध्ये अशी ओढ नसते, तिथे पकडीने पाइप दाबून काही कळणार नाही.

कॉम्प्रेशन स्वतः समोर उभं राहून घ्यायला लावा, आणि चारही आकडे मला कळवा.